मधल्या पाण्यावरची दोन मिनिटं

हे झालं एकोणीसशे बहात्तर साली. त्याच वर्षी जानेवारीच्या वादळानं शाळेचं अर्धं छप्पर उचलून सँडर रेंडलच्या सलगमाच्या शेतात नेऊन ठेवलं होतं. मास्तरीणबाईंनी आता मुलांना घेऊन इकडेच यावं, निम्मी शाळा तर आलीच आहे, असं सँडर भेटेल त्याला सांगत होता.

ऑर्कनीच्या बेटांत अगदी उत्तरेला आमचं पापे आणि शेजारी वेस्ट्रे. पापे एवढंसं. वेस्ट्रे मोठं, डॉक्टर तिथे, चांगलं दुकान तिथे, मोठा धक्काही तिथेच. दोन्हींच्या मध्ये समुद्राचा पट्टा आहे, त्याला दोन्हीकडची माणसं नुसतं 'मधलं पाणी' म्हणतात. त्यांच्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत पावणेदोन मैल. विमानाला दोन मिनिटं पुरतात, वारा पाठीशी असला तर तेवढीही लागत नाहीत. समुद्र शांत असेल तर बोटीला अर्धा तास. नसेल तर समुद्राचा राग उतरेपर्यंत, मग ते दोन दिवस असोत की आठ.

विमानतळ म्हणजे तरी काय, गवताचा एक लांब पट्टा, पत्र्याची खोली, खांबावर वाऱ्यानं फुगणारी कापडी थैली आणि मेरन ह्यूइसन. मेरन तेव्हा चौतिसाची होती. विमान यायच्या वेळेला धावपट्टी मोकळी करणं, आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन उभं राहणं, उतारूंच्या पिशव्या उतरवून घेणं, हे सगळं तिचं काम. गवत कापायला यंत्र नव्हतं. ते काम सँडरच्या गाई करत. त्यामुळे एक रीत पडून गेली होती. पलीकडे वेस्ट्रेला विमान जमिनीवरून उठलेलं दिसलं की मेरन धावत सुटायची, गाई हाकलायची, तारेचं फाटक लावायची आणि मागे वळेपर्यंत विमान गवतावर टेकलेलं असायचं. घड्याळ कुणी बघत नसे. डोळ्यांना दिसे तेवढं पुरे होतं.

मेरनचा नवरा सिगर्ड बोटीनं शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, धरायचा. बायको विमानतळ सांभाळते, पण हा कधी विमानात बसला नव्हता. "ज्या पाण्यात रोज बुडता बुडता वाचतो, ते वरून कशाला बघू?" असं म्हणायचा.

मे महिन्यातल्या एका सोमवारी त्याचं पोट दुखायला लागलं. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, विमान वेळेवर आलं होतं. मेरन म्हणाली, "जा, डॉक्टरला दाखवून ये. दोन मिनिटांचं तर काम."

"पोट दुखतं म्हणून कुणी उडत जातं का? रविवारचा रस्सा शिळा होता, एवढंच."

"रस्सा मीही खाल्ला."

"तुझं पोट लोखंडाचं आहे. लग्नाच्या आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

त्या रात्री आग्नेयेचा वारा सुटला. मंगळवारी मधलं पाणी पांढरं झालं, धक्क्यावरून लाटा पलीकडे जाऊ लागल्या. सिगर्ड भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि काही विचारलं की "बरं आहे" म्हणत राहिला. बुधवारी पहाटे वारा पडला. समुद्र मात्र तसाच उसळत होता, आणि त्या उसळत्या समुद्रावरून धुकं आलं. असं दाट की मेरनला दारातून आपलीच कोंबडी दिसेना.

सकाळी सिगर्ड उठून बसायला गेला आणि त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मेरननं त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. ती नर्सबाईंना घेऊन आली. एफी नर्स मूळची ॲबर्डीनची, आमच्याकडे येऊन नऊ वर्षं झाली होती, फार बोलत नसे. तिनं पोटावर हात ठेवला. ते फळीसारखं कडक होतं. तिनं ताप बघितला, पांघरूण नीट केलं आणि मेरनला स्वयंपाकघरात नेलं.

"अपेंडिक्स आहे. फुटलंय, किंवा फुटायला आलंय. मी टीनीकडे जाऊन डॉक्टरांना फोन करते."

"आणि?"

"आणि आज त्याला कर्कवॉलच्या इस्पितळात न्यायला हवं. आज म्हणजे आजच, मेरन."

टीनी ड्रेव्हर म्हणजे आमचं पोस्ट, आमचा फोन आणि आमचं वर्तमानपत्र. मेरन तिथे पोचली तेव्हा टीनी फोन कानाला लावून बसली होती आणि एफी तिच्या डोक्यावर वाकून ऐकत होती. पलीकडून वेस्ट्रेचे डॉक्टर बेकी बोलत होते. नशिबानं एक गोष्ट बरी होती. विमान सकाळीच, तिकडे धुकं पसरायच्या आधी, कर्कवॉलहून वेस्ट्रेला आलं होतं आणि धुक्यानं तिथेच अडकलं होतं. वैमानिक क्रॉस्बी डॉक्टरांच्याच घरी चहा पीत बसला होता.

"क्रॉस्बी म्हणतोय, धुकं जाड आहे पण उंच नाही," टीनी ऐकेल तसं सांगत होती. "वर ऊन असणार. कर्कवॉल मोकळं आहे. नियमानं त्याला पापेला उतरता येत नाही. पण तो म्हणतोय, मी परत कर्कवॉलला निघालोय, वाटेत पापे आलं तर त्याला मी काय करू?"

"पापे कर्कवॉलच्या उलट्या बाजूला आहे," एफी म्हणाली.

"ते त्याला माहीत आहे गं. थांब. धुक्यात मध्येच फट पडते, म्हणतोय. पडली की उठणार. कधी पडेल ते सांगता येत नाही. त्याला धावपट्टीची दोन्ही टोकं दिसायला हवीत. जाळ करा म्हणतोय. मोठा जाळ."

या आठवड्याची बोट आली नव्हती. बेटावर रॉकेल संपत आलं होतं, पेंढा भिजलेला. सगळ्या घरांतून गोळा केलं तर दोन टोकांना दोन जाळ होतील, पण ते फार वेळ टिकणार नाहीत. विमान उठायच्या आधी पेटवले तर ते येईपर्यंत विझणार. उठल्यावर लगेच पेटवायला हवेत.

"मी इथून सांगेन ना," टीनी म्हणाली. "डॉक्टर विमानातून येतायत, पण विमान उठलं की त्यांच्या घरून कुणीतरी फोनवर ओरडेल, मी तुला सांगेन."

"मी इथे नसेन. मी धावपट्टीवर असेन."

पोस्टापासून धावपट्टी चांगली मैलभर. वाटेत तीन फाटकं. धुक्यात ट्रॅक्टर कितीही पळवला तरी विमान पावणेदोन मैल पाणी ओलांडून आधी पोचणार आणि निरोप मागून येणार. चांगल्या दिवशी डोळ्यांनी दिसायचं म्हणून हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आज डोळे काढून घेतले होते. कान लावून ऐकावं तर किनाऱ्यावर लाटांची गर्जना अशी की विमान डोक्यावर येईपर्यंत कळणार नाही.

"माणसं उभी करू," मेरन म्हणाली. "इथपासून तिथपर्यंत. एकानं दुसऱ्याला सांगायचं."

"लाटांत हाक ऐकू येईल?"

"हाका नको मारायला. बादल्या वाजवू."

सगळ्यांना ते पटलं. खरं तर सगळे खूश झाले. आमच्याकडे लग्नाआधी नवऱ्यामुलाला काळं फासून गावभर मिरवतात तेव्हा पिंपं आणि बादल्या बडवायचीच पद्धत आहे, त्यामुळे प्रत्येक घराला आपली कुठली बादली किती वाजते हे ठाऊक होतं. तासाभरात पोस्टापासून धावपट्टीपर्यंत रस्त्याच्या कडेनं माणसं उभी राहिली. एकाला दुसरा दिसत नव्हता. दगडी गडग्याला टेकून, हातात बादली आणि लाकडाचा दांडका घेऊन जो तो आपल्यापुरत्या धुक्यात उभा होता. सँडरनं सकाळीच गाई शेजारच्या कुरणात घालून तार नीट ओढून घेतली होती. तो मेरनकडे आला आणि आपली बादली तिच्या हातात दिली.

"ही घे, पोरी. हिच्याएवढी खणखणीत बादली पापेत दुसरी नाही. मी पलीकडच्या टोकाला जाळापाशी थांबतो. तू वाजवलीस की पेटवतो."

बादली जस्ताची होती, जुनी, तळाशी पोचे आलेली. मेरननं ती घेतली आणि कशाकडेही न बघता मान हलवली.

सिगर्डला गादीसकट ट्रॉलीत घालून आणलं होतं. पत्र्याच्या खोलीच्या आडोशाला ट्रॉली उभी होती आणि एफी त्याच्याजवळ बसली होती. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता. मेरननं फडक्यात बांधलेलं गाठोडं त्याच्या उशाशी ठेवलं.

"काय आहे ते?" त्यानं विचारलं.

"जवाची भाकरी, चीज."

"ही मला पाण्याचा थेंब देत नाही, आणि तू भाकरी बांधून आणलीस?"

"आजच खा म्हणून कोण म्हणालं? उद्यापरवा भूक लागेल तेव्हा तिथे काय मिळतंय कुणास ठाऊक."

तो डोळे मिटूनच म्हणाला, "सोमवारी जायला हवं होतं."

"हो."

"नाही म्हण ना. तेवढं बरं वाटेल."

"नाही म्हणणार नाही," मेरन म्हणाली. तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. कपाळ भाजत होतं. तिला अजून काहीतरी सांगायचं होतं, पण एफीनं मानेनं धावपट्टीकडे खूण केली. गाठोडं मानेला रुतत होतं, म्हणून सिगर्डनंच ते तिच्याकडे सरकवलं. "तू ठेव. विमानात चढवलंत की दे."

मेरननं गाठोडं कोटाच्या खिशात कोंबलं आणि आपल्या टोकाला जाऊन उभी राहिली.

मग नुसतं थांबणं. धुकं तोंडावर ओलं लागत होतं. केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. काडेपेटी भिजू नये म्हणून तिनं ती छातीशी धरली होती. लाटा येत होत्या, फुटत होत्या. मध्येच कुठेतरी कण्हल्यासारखं ऐकू येई आणि तिचा जीव वर येई, पण तो खडकांवरच्या सीलचा आवाज असे. एकदा तिला वाटलं, बादली वाजली. तिनं काडी ओढली, आणि हात आवरला. काही नव्हतं. काडी बोटांशी येऊन विझली. कुणीतरी गडग्यापलीकडे खोकलं आणि पुन्हा शांत झालं. चार वाजून गेले होते, आणि दर थोड्या वेळानं ट्रॉलीकडून तो आवाज येत होता, सकाळी ऐकलेला, आता बारीक झालेला.

आणि मग बादली वाजली. लांब, अगदी लांब. मग जवळ. मग त्याहून जवळ, एकामागून एक, धुक्यातून कुणीतरी पायऱ्या उतरत आल्यासारखी. मेरननं जाळ पेटवला. रॉकेलनं भक्कन धरलं. मग तिनं सँडरची बादली उचलून जीव खाऊन बडवली, पलीकडच्या टोकाला ऐकू जाईपर्यंत. खण खण खण खण. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला धुक्यात एक नारिंगी डाग उमटला. सँडरचा जाळ. तरीही तिचा हात थांबेना.

तेवढ्यात तार तुटल्याचा आवाज झाला. तंबोऱ्याची तार तुटावी तसा, पण जाड.

त्यामागून खुरांचा आवाज आला.

आधी एक मोठं, काळं, ओलं तोंड धुक्यातून बाहेर आलं. सँडरची म्हातारी गाय, विल्हेल्मिना. सँडरनं तिला आपल्या सासूचं नाव दिलं होतं, आणि सासू जिवंत असताना दिलं होतं. तिच्यामागे दुसरी, तिसरी, सगळा कळप, धावपट्टीच्या मधोमध, थेट मेरनच्या दिशेनं.

"हट. हट. मागे व्हा," मेरन दोन्ही हात पसरून ओरडली. गाई थांबल्या नाहीत. उलट जवळ आल्या, तिच्याभोवती कोंडाळं करून ढकलू लागल्या. विल्हेल्मिनानं मान खाली घातली आणि बादलीत तोंड खुपसलं.

तेव्हा मेरनला कळलं.

ही आंबोणाची बादली होती. सँडर रोज संध्याकाळी हीच बडवून गाई बोलावायचा. सँडरच कशाला, पापेतलं प्रत्येक घर असंच बोलावतं. बेटावरच्या प्रत्येक जनावराला जन्मापासून एक गोष्ट ठाऊक असते, की बादली वाजली म्हणजे खायला आलं. आणि सगळ्या बेटानं मिळून तासभर ठरवून, माणसं उभी करून, मैलभर बादल्या वाजवत त्यांना विमानतळावर बोलावलं होतं. त्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. मेरनला सुचलं नव्हतं. गाईंच्या मालकाला सुचलं नव्हतं, त्यानं तर बादली आपल्या हातानं दिली होती.

वरून इंजिनाचा आवाज आला. आधी नव्हता, आणि मग एकदम सगळीकडे होता. धुक्यात एक काळी सावली खाली उतरली, जाळाच्या उजेडात चाकं चमकली, क्रॉस्बीला खाली काळे ठिपके दिसले असावेत, कारण इंजिन किंचाळलं आणि सावली पुन्हा वर ओढली गेली. गाई बुजल्या, पण पळाल्या नाहीत. त्यांना विमानाची सवय होती.

"मेरन," पलीकडून सँडरची हाक आली, "काय झालं गं?"

"तुझ्या गाई, सँडर."

धुक्यातून सँडर जे काही म्हणाला ते पाद्रीसाहेबांच्या कानावर जायला नको होतं.

विमान वळत होतं. आवाज लांब गेला, मग समुद्राच्या बाजूनं फिरू लागला. तो आणखी एकदा येणार. जाळ अर्ध्यावर आला होता. पेंढा संपला होता. आता नाही उतरला तर दुसरा जाळ नाही, दुसरं रॉकेल नाही, आणि सिगर्डच्या हातात उद्या नाही. मेरननं एकदा ट्रॉलीच्या बाजूला बघितलं. दिसत काहीच नव्हतं. तिकडे गेली तर त्याचा हात धरता येईल, विमानापर्यंत चालता येईल. सँडर धावत येईपर्यंत गाई इथेच राहतील, आणि विमान गाईंवर येईल.

तिनं विल्हेल्मिनाच्या तोंडातून बादली ओढून काढली, पाठ फिरवली आणि समुद्राकडे धावत सुटली. धावता धावता बादली वाजवत.

गाई तिच्यामागे आल्या. गडग्याला जिथे खिंडार होतं तिथून ती बाहेर पडली, उतारावरून घसरत किनाऱ्याकडे गेली, आणि मागून ती सगळी वजनदार, धापा टाकणारी, आशेनं हंबरणारी जनावरं. खाली दगड होते. ती पडली, गुडघा फुटला, दांडका हातातून सुटला. तिनं दगड उचलला आणि त्यानं बादली बडवली. लाटांचा फेस पायांपर्यंत येत होता. यापुढे जायला जमीन नव्हती. ती वळून उभी राहिली. मागे समुद्र, पुढे गाई.

वर इंजिन पुन्हा आलं, तिच्या डोक्यावरून गेलं, इतकं खालून की गाईंनी कान पाडले. मग एक धपका. मग चाकांचा खडखडाट, गवतावर लांबत गेलेला. उतरलं होतं.

आता वाजवणं थांबवता येईना. थांबवलं की गाई परत फिरतील, वरच्या चांगल्या गवताकडे, जिथून आल्या तिथे. विमान अजून उठायचं होतं. वर माणसांचे आवाज येत होते, सँडरचा, एफीचा, डॉक्टर बेकींचा जाडा आवाज, "पाय धरा, पाय." कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि उत्तर आलं. तो सिगर्ड होता का, तिला कळलं नाही. ती खण खण वाजवत राहिली. विल्हेल्मिनानं पुन्हा बादलीत तोंड घातलं, आत जीभ फिरवली, आणि तोंड बाहेर काढून मेरनकडे बघितलं. बादली रिकामी होती.

गाय वळायला लागली.

मेरनचा हात कोटाच्या खिशात गेला. गाठोडं तिथेच होतं. ते तर विमानात जायला हवं होतं. ओल्या बोटांनी गाठ सुटेना, तिनं दातांनी सोडली. भाकरी सकाळी तिनं मळली होती, एफी फोन करायला गेली होती तेव्हा, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. ही भाकरी तो खाईल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ती खाण्याइतका तो जगेल, असंही. भाकरी हातात घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग एक तुकडा मोडला आणि विल्हेल्मिनाच्या तोंडापुढे धरला.

गाय थांबली. मान वळवून तिनं तुकडा घेतला. विल्हेल्मिना थांबली म्हणून बाकीच्याही थांबल्या. मेरन एका हातानं बादली वाजवत होती आणि दुसऱ्या हातानं तुकडे देत होती, छोटे, अजून छोटे, पुरवून पुरवून. चीजसुद्धा दिलं. शेवटी फडकं चघळायला दिलं.

मग वर इंजिनाचा आवाज वाढला, गवतावरून धावत आला, आणि जमीन सोडल्यावर बदलतो तसा बदलला. तिच्या डोक्यावरून गेला. दक्षिणेकडे वळला. लाटांत बुडून गेला.

गाई बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. सँडर खाली आला तेव्हा मेरन दगडावर बसली होती आणि विल्हेल्मिना तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती. सँडरनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"चढवला त्याला," तो म्हणाला. "विचारत होता, मेरन कुठे म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, गाई राखतेय."

"मग?"

"म्हणाला, सोमवारीही गाईच राखत होती, नाहीतर तेव्हाच मला विमानात कोंबलं असतं." सँडरनं विल्हेल्मिनाचं तोंड बाजूला सारलं. "हसला, पोरी. म्हणजे, हसायला गेला."

त्या रात्री मेरन घरी एकटी बसली. कर्कवॉलचा निरोप पोस्टात यायचा होता. सकाळी धुकं थोडं विरलं, आणि रस्त्यावरून टीनी ड्रेव्हर चालत येताना दिसली. टीनी फोन सोडून कधी कुठे जात नसे. बहिणीच्या लग्नातसुद्धा ती जेवण अर्धं टाकून परत आली होती. मेरन दारात उभी राहून तिच्या चालीकडे बघत होती. टीनी जाडी होती, तिला चढ लागला की ती मान खाली घालून चालायची, त्यामुळे चेहरा दिसेना. फाटकाशी आल्यावर तिनं मान वर केली, पण तिला दम लागला होता आणि शब्द फुटेना. तिनं नुसता हात वर केला, आणि दोनदा मान हलवली. खाली-वर.

मेरन दारातच खाली बसली.

सिगर्ड तीन आठवड्यांनी परत आला, विमानानं, वेस्ट्रेवरून, स्वच्छ उन्हात. निम्मा झाला होता. मेरननं विमान उठलेलं बघितलं, गाई हाकलल्या, फाटक लावलं, आणि वळली तेव्हा तो पायरी उतरत होता. "माझी भाकरी कुठाय?" हे त्याचं पहिलं वाक्य. पुढे सव्वीस वर्षं तो ते दर वाढदिवसाला म्हणत राहिला, आणि एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात आपल्याच बिछान्यात गेला. एवढ्या वर्षांत त्यानं शेवंडं धरली, पण पुन्हा कधी विमानात बसला नाही. वरून पाणी फार अरुंद दिसतं, त्यानं माणूस गाफील होतो, म्हणायचा.

क्रॉस्बीला वरिष्ठांनी बोलावलं होतं. त्यानं काय सांगितलं ते माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात तोच विमान घेऊन आला. नंतर तो कॅनडाला गेला, तिकडच्या सरोवरांवर उडायला. बरीच वर्षं नाताळला त्याचं कार्ड यायचं, त्यावर हमखास गाय असायची. डॉक्टर बेकी वेस्ट्रेलाच निवृत्त झाले आणि तिथेच पुरले गेले, मधल्या पाण्याकडे तोंड करून. एफी नर्स ॲबर्डीनला परत जाणार, जाणार म्हणत राहिली आणि गेली नाही. तिनं सँडरच्या धाकट्या भावाशी लग्न केलं.

टीनीचं पोस्ट बंद झालं तेव्हा ती कर्कवॉलला मुलीकडे राहायला गेली. तिथे फोन वाजला की सगळ्यांच्या आधी तीच उचलायची. सँडरनं त्याच उन्हाळ्यात कुरणाला तारेऐवजी दगडाचा गडगा घातला, एकट्यानं, कुणी मदतीला आलं तर हाकलून देत. विल्हेल्मिना म्हातारी होऊन आटली तरी त्यानं तिला विकली नाही. ती मेली तेव्हा गडग्याच्या आतच पुरली. सँडर त्यानंतर चार वर्षांनी गेला.

मेरन एकोणीसशे एक्याण्णवपर्यंत विमानतळावर होती. आता नव्वदीला टेकलीय. जगातला सगळ्यात छोटा विमानप्रवास म्हणून लांबलांबून लोक येतात, दोन मिनिटं उडतात, फोटो काढतात आणि परतीच्या विमानानं जातात. तिच्या खिडकीतून वेस्ट्रेची धावपट्टी दिसते. तिकडे विमान उठलं की ती अजून हातातलं काम ठेवते. बादली तिच्याकडेच आहे. मागच्या दारापाशी असते, तळ गेलाय, तिच्यात ती पुदिना लावते.